साठीला जपान, जुन्या मैत्रिणी आणि जुने दोस्त: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की मोठ्या वाढदिवसाला जुन्या मित्रमैत्रिणींबरोबर परदेशी जायचा विचार असेल तर प्रश्न पाठवा, आणि मग इतकी पत्रं आली की सगळी वाचायलाच वेळ लागला. पन्नाशीवाले आहेत, साठीवाले तर भरपूर, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांनी जपानबद्दल विचारलंय. म्हणून या महिन्यात फक्त जपानचंच घेते, बाकीच्या देशांचं पुढे बघू.

ताई, नमस्कार. आम्ही पाच जणी शाळेपासूनच्या, सगळ्या १९६६ च्या, म्हणजे यंदा सगळ्यांचीच साठी. ग्रुपवर कधीपासून नुसती चर्चा चालू आहे, एकीला युरोप हवंय, एकीला दुबई, मी जपान म्हटल्यावर सगळ्यांनी हार्ट टाकले पण पक्कं कोणीच करत नाही. शिवाय एक मैत्रीण खाजगी शाळेत शिकवायची, तिला पेन्शन नाही, ती काही बोलत नाही पण आम्हाला कळतं. कसं जमवायचं? — एक मैत्रीण, नाशिक

आधी जपानचं सांगते, मग पैशाचं, कारण पैशाचं जास्त महत्त्वाचं आहे आणि ते घाईत उरकायचं नाही.

साठीला जपान ही निवड मला फार आवडली. आपल्याकडे साठ संवत्सरांचं चक्र आहे ना, प्रभवपासून क्षयपर्यंत, पूजेच्या संकल्पात गुरुजी ज्याचं नाव घेतात ते. यंदाच्या पाडव्याला शके १९४८ सुरू झालं, पराभव नाम संवत्सर, आणि १९६६ च्या पाडव्याला जे शके १८८८ सुरू झालं होतं तेही पराभवच, म्हणजे पाडव्यानंतर जन्मलेल्या तुमच्यापैकी प्रत्येकीचं जन्माचं संवत्सर फिरून परत आलंय. जपानमध्येही अगदी असाच हिशोब आहे, बारा प्राण्यांची वर्षं आणि पाच तत्त्वं यांच्या जोड्या लावत लावत साठ वर्षांनी चक्र पूर्ण होतं, आणि त्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्याला ते कानरेकी म्हणतात. त्या दिवशी साठीच्या माणसाला लाल टोपी आणि बिनबाह्यांचं लाल जाकीट घालतात, चानचानको म्हणतात त्याला, कारण माणूस परत पहिल्या वर्षात आला, तान्हं बाळ झाला, आणि लाल रंग बाळाला वाईटापासून राखतो अशी तिथली समजूत. काही रियोकानमध्ये, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जपानी लॉजमध्ये, बुकिंगच्या वेळी कानरेकी आहे असं सांगितलं तर हे जाकीट आणि टोपी घालायला देतात. नक्की विचारा. पाच जणी लाल जाकीट घालून एका रांगेत बसलेल्या, तो फोटो तुमच्या नातवंडांनीसुद्धा जपून ठेवावा असा होईल.

आणि अजून एक. १९६६ हे तिथे अग्नी-अश्वाचं वर्ष होतं. या वर्षी जन्मलेल्या मुली तापट निघतात, नवऱ्याला जड जातात अशी जुनी समजूत होती, आणि ती इतकी पक्की होती की त्या वर्षी जपानमध्ये आदल्या वर्षीपेक्षा जवळजवळ पाव हिश्शाने कमी मुलं जन्माला आली, लोकांनी चक्क ते वर्ष टाळलं. २०२६ हे परत तेच वर्ष आहे. म्हणजे ज्या मुली जन्मायलाच नकोत असं एक अख्खा देश म्हणत होता त्या तिथे आत्ता साठीचा सोहळा करतायत, आणि तुम्ही पाच जणी नेमक्या त्याच वर्षी तिथे असाल. मला हे वाचतानाच भरून आलं होतं.

आता महिना. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा धरा, क्योटोमध्ये तेव्हा मेपलची पानं लालभडक झालेली असतात, हवा थंड पण सोसवेल अशी. गर्दी असते, ती मान्यच करायची. चेरीचा बहर मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला असतो, यंदाचा तो गेला. जून ते जुलै मध्यापर्यंत पाऊस आणि ऑगस्टमध्ये भयंकर दमट उकाडा, तेव्हा नको. व्हिसा आता ई-व्हिसा आहे, अर्ज व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरमधून करायचा, मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये शिरायचं असतं म्हणून फार लवकर काढू नका. आणि तो एअरपोर्टवर मोबाइलमध्ये नेट चालू ठेवून ऑनलाइनच दाखवावा लागतो, प्रिंट किंवा स्क्रीनशॉट चालत नाही, हे पाचही जणींना आत्ताच सांगून ठेवा कारण आपल्या वयाच्या बायकांना प्रिंट काढून फाइलला लावायची सवय असते.

आता पैसे. माझं म्हणणं स्पष्ट आहे, बजेट ठरतं ते जिच्याकडे सगळ्यात कमी आहे तिच्या आकड्यावर, आणि तो आकडा ग्रुपवर विचारायचा नाही. तुमच्यातली जी तिला सगळ्यात जवळची आहे तिने एकटीने तिच्या घरी जाऊन विचारायचं, बाई तुला झेपेल असा आकडा सांग, आम्ही त्यात बसवतो. मग ट्रिप त्यात बसवायची, दिवस कमी करायचे, थ्री स्टार हॉटेल घ्यायचं. तिच्यासाठी बाकीच्यांनी गुपचूप पैसे भरायचे हे मला पटत नाही, तिला कळल्याशिवाय राहत नाही आणि मग ती सगळी ट्रिप मान खाली घालून फिरते. द्यायचंच असेल तर उघड द्या, वाढदिवसाची भेट म्हणून, आणि पाचही जणींना एकमेकींकडून काहीतरी मिळेल असं करा. नाहीतर सरळ भिशी लावा. दर महिन्याला पाच जणी ठरलेली रक्कम टाकतील आणि कोणालाच उचलायची नाही, सगळी ट्रिपला. त्यासाठी यंदाचा नोव्हेंबर सोडून पुढच्या वसंतात गेलात तरी काही बिघडत नाही, एकसष्टीच्या आत बसतं ते.

टूर कंपनीचं पॅकेज घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने आधीच घेऊन सरकारकडे भरायचा इन्कम टॅक्स, कापला जातो आणि तो ज्याच्या पॅनवर बिल आहे त्याच्या नावावर जमा होतो. म्हणून पाच जणींचे पैसे एकीने भरू नका, प्रत्येकीचं बिल वेगळं घ्या, आणि जी मैत्रीण एरवी इन्कम टॅक्सचा रिटर्न भरत नाही तिला त्या वर्षी भरायला सांगा, तरच ते पैसे परत मिळतात.

शेवटी पाचच्या आकड्याबद्दल. जपानच्या साध्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात, त्यामुळे तुम्हाला दर वेळी दोन टॅक्सी लागणार, तो खर्च धरा. खोल्याही फार लहान असतात, दोन मोठ्या बॅगा उघडल्या की चालायला जागा नाही, म्हणून तीन जणी एका खोलीत कोंबू नका. दोन-दोन-एक करा आणि जी एकटी राहील ती दर मुक्कामाला बदला, आणि सिंगल खोलीचा जास्तीचा खर्च पाच जणींत वाटून घ्या. घोरणारीला कायमचं एकटं पाडू नका एवढंच मी सांगेन.

आम्ही सहा मैत्रिणी, ठाणा-मुलुंडच्या. दोघींचे गुडघे दुखतात, एकीचं ऑपरेशन झालंय. जपानमध्ये खूप चालावं लागतं म्हणतात, आणि जमिनीवर झोपावं लागतं. मग आम्ही जावं का? शिवाय ते गरम पाण्याचे झरे, तिथे म्हणे कपडे चालत नाहीत. — ठाणे

जावं. पण चालावं लागतं हे खरं आहे, दिवसाला पंधरा हजार पावलं कशी होतात कळतही नाही, कारण स्टेशनं प्रचंड मोठी आहेत. लिफ्ट असते पण ती बऱ्याचदा फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून रोज एकच मोठी गोष्ट बघायची आणि दुपारी हॉटेलवर परत यायचं असं ठरवा, संध्याकाळी ज्यांना जायचं त्या जातील. क्योटोचं फुशिमी इनारी, ते हजारो केशरी कमानींचं मंदिर, अख्खा डोंगर आहे, वर जाऊन यायला दोन-तीन तास लागतात, पण खालच्या मुख्य मंदिरापासून सुरुवातीच्या कमानींपर्यंत गेलं तरी पाहिल्याचं समाधान मिळतं. भल्या सकाळी जा, नाहीतर गर्दीत गुडघेवालीला कोणीतरी धक्का देतं. क्योटोतल्याच कियोमिझू मंदिराचा चढ मात्र खडा आहे, तिथे जमेल तितकं टॅक्सीने वर जा.

सामान तर बिलकुल ओढू नका. तिथे हॉटेलच्या काउंटरवर बॅग दिली की दुसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या हॉटेलवर पोचते, ताक्यूबिन म्हणतात, काळ्या मांजरीचं चिन्ह असलेली यामातो कंपनी सगळीकडे दिसेल. एका रात्रीचं सामान पाठीवरच्या छोट्या बॅगेत ठेवायचं आणि मोकळ्या हातांनी ट्रेनमध्ये बसायचं. साठीच्या माणसांसाठी जपानमधली सगळ्यात मोठी सोय कुठली असं मला कोणी विचारलं तर मी बुलेट ट्रेनच्या आधी हिचं नाव घेईन.

रियोकानमध्ये तातामीच्या चटईवर गादी घालतात, उठाबशी अवघड जाते. पण आता बऱ्याच ठिकाणी पलंग असलेल्या जपानी पद्धतीच्या खोल्या असतात, जेवायला खुर्ची-टेबलही मिळतं, बुकिंगच्या वेळी स्पष्ट मागायचं. एकच रात्र रियोकान ठेवा, हाकोनेला, त्या गरम झऱ्यांच्या गावी, टोकियोच्या शिंजुकू स्टेशनहून रोमान्सकार ट्रेनने दीड तासाच्या आत जाता येतं.

गरम पाण्याच्या झऱ्याला ओनसेन म्हणतात आणि हो, आत कपडे चालत नाहीत, पण बायकांचं आणि पुरुषांचं पूर्ण वेगळं असतं. आधी छोट्या स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची आणि मगच पाण्यात उतरायचं. पहिली पाच मिनिटं अवघड वाटतं, मग कोणी कोणाकडे बघत नाही हे लक्षात येतं. तरीही एखादीला नसेल करायचं तर तिला आग्रह करायचा नाही, फोटो-व्हिडिओच्या गोष्टी नाहीत, चिडवाचिडवी नाही. बऱ्याच ठिकाणी तासाच्या हिशोबाने खाजगी टाकी मिळते, दोघी-तिघी मिळून घेता येते. बीपीचा त्रास असेल तर फार वेळ बसू नका.

नवऱ्यांना न्यायचं का हे पण तुम्ही शेवटच्या ओळीत विचारलंय. सगळ्यांचे किंवा कोणाचेच नाही.

इंजिनिअरिंगच्या होस्टेलचे आम्ही चौघं, सगळ्यांची पन्नाशी. दोघं पुण्यात, एक दुबईत, एक न्यू जर्सीत. आठ दिवसांत टोकियो, क्योटो, ओसाका, हिरोशिमा आणि होक्काइदो असा प्लॅन केलाय, जेआर पास, म्हणजे तिथल्या रेल्वेचा टुरिस्ट पास, काढणार. बरोबर आहे का? — पुणे

नाही, आणि हे मी तुमच्या भल्यासाठी सांगतेय. चार मित्र तीन देशांतून येणार, किती वर्षांनी भेटणार, आणि मग आठ दिवस काय करणार तर घड्याळ बघत ट्रेन पकडणार? होक्काइदो पूर्ण काढून टाका, ते उत्तरेचं वेगळं बेट आहे, त्याला एक स्वतंत्र ट्रिप लागते. टोकियोत तीन-चार रात्री, क्योटोत चार, बस. क्योटोहून ओसाका अर्ध्या तासावर, नारा पाऊण तासावर, सामान न हलवता दोन्ही होतात. हिरोशिमा करायचंच असेल, आणि मला विचाराल तर करावंच, तर क्योटोहून सकाळी निघून पावणेदोन तासांत पोचता, शांती स्मारक बघून रात्री परत. पण त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, ते म्युझियम बघून बाहेर आल्यावर माणसाला बोलावंसं वाटत नाही.

जेआर पासचं गणित बदललंय. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून ५०,००० येनवर गेला. टोकियो ते क्योटो बुलेट ट्रेनचं साधं तिकीट साधारण १४,००० येन आहे, म्हणजे जाऊन येऊनसुद्धा २८,००० च होतात. शिवाय तुम्ही एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परत फिरा, टोकियोला उतरायचं, ओसाकाहून निघायचं, म्हणजे उलट प्रवासच नको. सुट्टी तिकिटं काढा, गावातल्या गावात फिरायला सुइका कार्ड घ्या, आधी पैसे भरून ट्रेन-बसला टेकवायचं. टोकियोहून क्योटोला जाताना उजवीकडच्या डी आणि ई सीट मागा, हवा स्वच्छ असेल तर फुजी दिसतो. आणि ज्या बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर जाते तिच्यासाठी या गाडीत आधीच जागा रिझर्व करावी लागते, न्यू जर्सीवाल्याची बॅग हमखास तेवढी असणार.

न्यू जर्सीवाल्याबद्दल अजून दोन गोष्टी. त्याचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर त्याला जपानचा टुरिस्ट व्हिसा लागत नाही. पण भारतीय पासपोर्टवर एच-वन बी असेल तर त्याला जपानचा व्हिसा तिथूनच काढावा लागेल, आणि त्याच्या पासपोर्टवरचा अमेरिकन व्हिसाचा स्टॅम्प चालू आहे का ते तिकीट काढायच्या आधी विचारा, तो संपलेला असेल तर परत अमेरिकेत शिरताना अडचण होईल, आणि मित्र लाजेकाजेस्तव सांगत नाहीत असं हे प्रकरण असतं. दुसरं म्हणजे त्याच्या आणि जपानच्या वेळेत तेरा-चौदा तासांचा फरक आहे, तुमच्या फक्त साडेतीन. तुम्ही पहिल्या रात्री बारापर्यंत बसायचं म्हणाल आणि तो बिचारा आठलाच मान टाकेल. पहिले दोन दिवस काहीच ठरवू नका.

आणि वाढदिवसाच्या रात्रीचं. इझाकाया म्हणजे तिथले छोटे बार, चौघांना टेबल छान मिळतं, बसल्या बसल्या न मागता एक छोटी वाटी समोर येते तिचे माणशी काही शे येन लागतात, ती फसवणूक नाही, तिथली पद्धत आहे. टीप द्यायची नाही. मध्यरात्रीच्या आसपास शेवटची लोकल सुटते आणि मग पहाटेपर्यंत टॅक्सीशिवाय काही नाही, टॅक्सी महाग आहे. ट्रेनमध्ये मात्र आवाज खाली ठेवा, चार जुने दोस्त एकत्र आले की मराठी माणसाचा आवाज कुठे जातो हे मला माहितीये, तिथे डब्यात फोनवरही कोणी बोलत नाही.

आमच्यात दोघी पूर्ण शाकाहारी, एक जैन, एकीची संकष्टी असते. जपानमध्ये उपाशी राहावं लागेल का? कुकर आणि केटल न्यायची का? — सांगली

उपाशी राहणार नाही, पण आयत्या वेळी बघू म्हणालात तर हाल होतील. अडचण अशी की तिथल्या बहुतेक रसांमध्ये आणि सूपमध्ये दाशी असते, म्हणजे सुकवलेल्या माशाचं पाणी. भाजीच दिसत असली, टोफूच असला, मिसो सूप असलं तरी त्यात ती बहुतेक वेळा असतेच, आणि तिथल्या माणसाला ते मांसाहार वाटतच नाही, त्यामुळे व्हेज का विचारलं तर तो खरेपणाने हो म्हणेल. मांस नको, मासे नकोत, दाशी पण नको, असं जपानीत लिहिलेलं कार्ड मोबाइलमध्ये ठेवा आणि प्रत्येक वेळी दाखवा. जैन मैत्रिणीसाठी कांदा, लसूण, बटाटा त्यातच लिहा. टोकियो, ओसाका, क्योटोत भारतीय हॉटेलं भरपूर आहेत. टोकियोत निशी-कासाईला तर भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्याच एदोगावा भागातून २०१९ मध्ये आपले मराठी योगेंद्र पुराणिक तिथल्या नगरसभेवर निवडून आले होते. तिथे सामान घ्यायला गेलात तर मराठी कानावर पडायची शक्यता बरीच आहे.

पण मी तुम्हाला एक वेगळंच सुचवते, कोयासानला एक रात्र राहा. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून ट्रेन, मग खड्या डोंगरावर केबल कार, वर गर्द देवदारांच्या मधोमध मठांचं गाव, साधारण आठशे मीटर उंचीवर. इ.स. ८१६ मध्ये कुकाई नावाच्या आचार्यांनी ते वसवलं. तिथल्या मठात पाहुण्यांना राहता येतं आणि जेवण शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध भिक्षूंचं पूर्ण शाकाहारी जेवण, छोट्या छोट्या वाट्यांमध्ये, तिळाचा टोफू, डोंगरातल्या भाज्या, लोणची. कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य. जैन मैत्रिणीला कंदांचं मात्र आधी कळवावं लागेल. संध्याकाळी लवकर जेवण, पहाटे प्रार्थना, आणि काही मठांत गोमा करतात, समोर अग्नी पेटवून, मंत्र म्हणत, त्यात समिधा टाकत, तो आपला होमच आहे, भारतातून चीनमार्गे तिथे पोचलेला. आपल्या आजीला तिथे नेऊन बसवलं असतं तर तिला परकं वाटलं नसतं. आणि कोयासान विद्यापीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. महाराष्ट्रातून कोणी इतक्या लांब गेलं तर तिथे जाऊन नमस्कार करून यावं असं मला मनापासून वाटतं.

आता केटल. इथली नेऊ नका. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे, आपली २३० ची, त्यामुळे आपली केटल किंवा इलेक्ट्रिक कुकर तिथे पाचव्या हिश्शाच्याही जोराने चालत नाही, पाणी उकळायला फार वेळ लागतो. हॉटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी केटल असतेच. म्हणून गरम पाणी घालून होणारं न्या, पोहे, उपमा, सांजा, खिचडीची पाकिटं, चिवडा, लाडू, मेतकूट. संकष्टीला राजगिऱ्याचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की. मोबाइलचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अ‍ॅडॅप्टर लागतो. ताजी फळं-भाज्या मात्र अजिबात नेऊ नका, लिंबू, मिरच्या, कढीपत्ता काहीही नाही, एअरपोर्टवर काढून घेतात.

आम्ही सहा जणींनी साठीला जपानला जायचं पाच वर्षांपूर्वी ठरवलं होतं. मागच्या वर्षी एकीचे मिस्टर अचानक गेले. ती म्हणते तुम्ही जा, मला नका धरू. तिला सोडून जावंसं वाटत नाही आणि आग्रह करायचीही भीती वाटते. — कोल्हापूर

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. पाच जणींनी मिळून तिच्या घरी जाऊ नका, तिला ते घेराव घातल्यासारखं होईल आणि ती परत तेच म्हणेल, तुम्ही जा. एकीने जा, शक्यतो दुपारी, बाकी घर शांत असताना, आणि आत्ता हो-नाही सांगू नको म्हणावं. तुमचं बुकिंग सहा जणींचंच करा, हॉटेल असं घ्या की काही दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर पैसे परत मिळतात, जपानमध्ये अशी हॉटेलं भरपूर आहेत. तिच्या विमानाच्या तिकिटाचं थांबा, महाग पडलं तरी चालेल, तो फरक पाच जणींनी उचला. तिला फक्त एक तारीख सांगा की या तारखेपर्यंत तुझी जागा आहे. नाही म्हणाली तर नाही, आणि त्यावरून नंतर कधीही काही बोलायचं नाही.

आली तर काही गोष्टी सांभाळा. दोघींच्या खोलीत तिच्याबरोबर अशी मैत्रीण ठेवा जिला रात्री दोनला उठून बोलत बसायचा कंटाळा येणार नाही. केक, टोप्या, फुगे असलं काही तिला न विचारता करू नका. तिचा मूड मध्येच गेला तर कारण विचारू नका, एकीने तिच्याबरोबर हॉटेलवर परत जायचं आणि बाकीच्यांनी पुढे जायचं, सगळ्या परत फिरल्या की तिला अपराधी वाटतं. आणि नवऱ्याबद्दल ती बोलायला लागली तर विषय बदलू नका. आपण बायका हे प्रेमापोटी फार करतो, रडायला येईल म्हणून विषयच काढत नाही, आणि मग तिला वाटतं की सगळ्या त्यांना विसरल्या. तुम्ही पाचही जणी त्यांना ओळखत होता. तिच्याजवळ त्यांचं नाव घ्या.

जागा निवडायच्या तर नारा नक्की ठेवा. तोदाई-जी मंदिरातला पंधरा मीटर उंचीचा बुद्ध, इ.स. ७५२ मध्ये त्याचे डोळे रेखण्याचा विधी बोधिसेन नावाच्या भारतातून गेलेल्या भिक्षूने केला होता. बाहेर हरणं मोकळी फिरत असतात, बाकांवर बसून राहता येतं, कुठे पोचायची घाई नाही. तिला झेपेल असा दिवस आहे तो.

ग्रुपमध्ये सगळ्यांच्याच डायबेटीस-बीपीच्या गोळ्या आहेत. औषधं किती नेता येतात? — डोंबिवली

डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं स्वतःपुरती एक महिन्याची नेता येतात. त्याहून जास्त असतील तर जपान सरकारचं युन्यू काकुनिन-शो नावाचं सर्टिफिकेट आधी ऑनलाइन काढावं लागतं, पण दहा-बारा दिवसांच्या ट्रिपला ते लागू नये. मूळ पाकिटातच ठेवा, डबीत मोकळ्या गोळ्या भरून नेऊ नका, आणि डॉक्टरांकडून इंग्रजीत टाइप केलेलं प्रिस्क्रिप्शन घ्या, त्यात औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ घटकाचं नाव हवं. काळजी घ्यायची ती सर्दी-खोकल्याच्या औषधांची. सूडोएफेड्रिन दहा टक्क्यांच्या वर असलेली गोळी तिथे न्यायलाच बंदी आहे, कोडीनच्या खोकल्याच्या औषधावरही कडक नियम आहेत, आणि हे कायदे तिथे फार गंभीरपणे पाळतात. केमिस्टला पट्टी दाखवून घटक वाचून घ्या. निम्म्या गोळ्या हातातल्या बॅगेत आणि निम्म्या स्वतःच्याच दुसऱ्या बॅगेत ठेवा. ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना डायबेटीस-बीपी लपवू नका, लिहिलं नसेल तर गरज पडेल तेव्हा क्लेम अडतो. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये बाकीच्या सगळ्यांच्या औषधांची यादी, रक्तगट आणि घरचा नंबर असू दे. तिकडे अँब्युलन्सचा नंबर ११९ आहे, पोलिसांचा ११०.